ब्रातिस्लाव्हात राहिलेला माणूस

बाबा,

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला एक ओळसुद्धा लिहावी असं कधी वाटलं नाही, आणि आज सकाळपासून चार कागद फाडून झाले. आपल्या नागपूरच्या, जरीपटक्यातल्या घरात, तुमच्याच स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसले आहे. आई भाजी आणायला बाजारात गेली आहे. ती परत यायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे, कारण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं तर ती विचारेल, आणि तिने विचारलं तर मी खोटं बोलेन. गेले अकरा महिने मी तेच करते आहे.

तुम्ही टूरबरोबर स्वयंपाकी म्हणून पहिल्यांदा युरोपला जाऊन आलात, तेव्हा मी आठवीत होते. टूरवाले तुम्हाला महाराज म्हणायचे आणि गल्लीतल्या लोकांना त्याचं हसू यायचं. पण तुम्ही परत आलात त्या संध्याकाळी तेच सगळे आपल्या अंगणात खुर्च्या घेऊन बसले होते. कोणतं शहर भारी, पॅरिस की लंडन, रोमचं काय, असं एकेक जण विचारतो आहे आणि तुम्ही बनियनवर बसून गंभीरपणे सांगता आहात, "लंडन काही खरं नाही गा. तिथल्या पाण्यात डाळच शिजत नाही. तीन तास गॅस जाळला मी. पॅरिसचंही तसंच. पण ओस्लो म्हणून एक गाव आहे, तिथं वरण असं शिजते का लोण्यावानी." लोक पोट धरून हसले. तुम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पुढच्या खेपेला तुम्ही खरंच ओस्लोच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलंत, आणि आईने त्यात एक वाटी तूरडाळ शिजवून पाहिली. माझ्यासाठी तुम्ही जगातून आणलेली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे त्या दुपारचं वरण. त्यानंतर मी चौदा राजधान्या पाहिल्या, पण कुठल्याही शहरात पोचले की आधी नळाचं पाणी पिऊन बघते.

आणि आठवणीतला तो आणखी एक दिवस. मी बारावी झाले होते. सदर भागातल्या एका लग्नात तुमचं काम होतं आणि वाढायला माणसं कमी पडली म्हणून तुम्ही मला बोलावलंत. शेवटची पंगत उठली तेव्हा मी आत येऊन म्हणाले, झालं बाबा, सगळे जेवले. तुम्ही हात पुसत बाहेर गेलात. मांडवाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. नातवंडाला मांडीवर झोपवून ती जागा अडवायची नाही म्हणून बाजूला सरकली होती, आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. तुम्ही स्वतः तिच्यापुढे पान मांडलंत. मग मला मागच्या दाराशी नेऊन हळूच म्हणालात, "काहून वं, सगळे जेवले म्हणून कोणी सांगितलं तुले? पाह्यलं का तू?" मी म्हटलं, पानं मोजली ना. "पानं नको मोजू. तोंडं पाह्य." तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं होतं.

पुढे तुम्ही गेलात आणि मी त्याच धंद्यात आले. स्वयंपाकात नाही, टूर मॅनेजर म्हणून. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी झेंडी, मागे वीस-पंचवीस माणसं. गेल्या वर्षी दिवाळीनंतरची ती शेवटची टूर होती, सव्वीस जणांची. नागपूरची मंडळी, बहुतेकांचा तिसरा-चौथा परदेशप्रवास. बसमध्ये पहिल्या दिवसापासून एकच विषय. एक मावशी होत्या, त्यांच्या एकोणीस राजधान्या झालेल्या. त्या म्हणायच्या, "काय बोलून राहिले तुम्ही! लंडनच्या पुढे सगळं फिकं." मागून एक डॉक्टर ओरडायचे, "तुम्ही टोकियो नाही पाहिलं म्हणून बोलता." कुठली स्वच्छ, कुठली महाग, कुठे टॅक्सीवाला लुबाडतो, कुठे पोळी मिळते. सगळ्यात मागच्या सीटवर उमरेडचे एक काका एकटेच बसायचे. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवून रिटायर झालेले. बायकोला परदेश पाहायचा होता, ती वारली, मग शिक्षिका असलेल्या मुलीने हट्टाने वडिलांना एकटंच पाठवलं. डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी मुद्दाम विचारलं, काका, तुमच्या किती राजधान्या झाल्या? काका म्हणाले, "एकच पाह्यली जी आतापर्यंत. नागपूर. ते बी अधिवेशन असलं तरच." सगळी बस हसली. काकाही हसले. मी पण हसले, बाबा.

व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाताना वाटेत ब्रातिस्लाव्हा लागतं. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. पण मंडळींनी नकाशात पाहिलं की ही पण एका देशाची, स्लोव्हाकियाची, राजधानी आहे, रस्त्यावरच आहे, आणि लगेच मागणी सुरू झाली. मॅडम, थांबा ना, एक राजधानी वाढते. मी दीड तास दिला. बस नदीकाठी उभी केली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "कोणी हरवलं तर शोधत फिरायचं नाही. बस जिथे थांबली तिथेच येऊन बसायचं, हलायचं नाही." झिमझिम पाऊस होता, थंडी अंगात शिरत होती. लोकांनी चौकात फोटो काढले, फ्रिजला लावायचे चुंबक घेतले आणि पावणेबाराला धावत बसमध्ये शिरले. मी पायरीवर उभी राहून फोनवर बोलत होते. बुडापेस्टचा हॉटेलवाला कांदा-लसूण नसलेल्या पाच थाळ्यांवरून घोळ घालत होता. आतून कोणीतरी ओरडलं, "आले हो सगळे, चला!" मी फोन कानावरून न काढता ड्रायव्हरला अंगठा दाखवला.

बुडापेस्टला अडीच वाजता सगळे जेवायला बसले. सव्वीस थाळ्या लागल्या होत्या. भात आला, लोक खायला लागले, आणि भिंतीकडच्या टेबलावर एका थाळीला कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं, काका कुठे आहेत? मावशी म्हणाल्या, हात धुवायला गेले असतील. मी बाथरूममध्ये पाहायला माणूस पाठवला. मग बसमध्ये धावत गेले. मागच्या सीटवर त्यांची पिशवी होती आणि मफलर होता. त्यांचा फोन परदेशात चालत नव्हता. बुडापेस्टच्या हॉटेलातल्या बाईने ब्रातिस्लाव्हाच्या पोलिसांना कळवलं, पण तिने बसस्थानक सांगितलं, पोलीस तिथे पाहून परत गेले. नदीकाठची जागा मला नीट सांगताही येईना. मी टॅक्सी केली. दोनशे किलोमीटर मी पुढच्या सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले होते. तोंडातून देवाचं नाव येत नव्हतं, नुसतं काका, काका येत होतं. माझ्याकडे पाहून ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

पाच वाजता पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. ते तिथेच होते. नदीकाठच्या उघड्या बाकावर, सकाळी बस उभी केली होती बरोबर त्या जागेसमोर. समोर रस्ता ओलांडला की कॉफीचं दुकान होतं, दिवे लागलेलं, उबदार. पण मी हलू नका म्हटलं होतं. स्वेटर पिळून काढावा इतका भिजला होता आणि ओठ निळे पडले होते. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून बसूनच हात जोडले. "माफ करा मॅडम. लघवीले गेलो, पाच मिनिट उशीर झाला. माझ्यापायी तुमाले किती त्रास झाला." बाबा, तेव्हा मला सांगता आलं असतं. तुमचं नाही चुकलं, मी मोजलंच नव्हतं, एवढंच. मी त्यांच्या अंगावर माझा कोट घातला आणि म्हणाले, "असू द्या काका. होतं असं."

मी त्यांना माफ केलं.

तिथल्याच दवाखान्यात ठेवलं. छातीत न्यूमोनिया झाला होता. मी टूर दुसऱ्याच्या हवाली करून तीन दिवस त्यांच्यापाशी राहिले. ते शुद्धीवर असले की इतरांची चौकशी करत. मावशींना बुडापेस्टला बोटीत बसायला मिळालं का, माझ्यामुळे त्यांचं काही बुडलं का. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरीले सांगू नका मी चुकलो म्हणून. तिनं लय भरोशानं पाठवलं." मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. मी कंपनीच्या अहवालात लिहिलं, निघण्यापूर्वी दोनदा मोजणी केली, सव्वीस भरले, प्रवासी त्यानंतर न सांगता उतरले असावेत. कोणी शंका घेतली नाही. उलट, शेवटपर्यंत सोबत राहिले म्हणून ऑफिसात माझं कौतुक झालं.

मी त्यांना घेऊन परतले तेव्हा त्यांची मुलगी नागपूरच्या विमानतळावर आली होती. माझ्या वयाचीच असेल. मला वाटलं ती मला मारेल, आणि मला ते हवं होतं. तिने माझ्या गळ्यात पडून रडत रडत म्हटलं, "ताई, बाबा तसेच होते, न सांगता कुठंही जायचे. तुमाले किती भोगावं लागलं. तुमी होत्या म्हणून त्यायच्याजवळ आपलं माणूस तरी होतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचं काय करू, सांगा.

तेव्हापासून मी मोजते. सिग्नलला उभी असले की स्कूटरवरची माणसं मोजते. सदरच्या ऑफिसात आत आलेले आणि बाहेर गेलेले मोजते. जेवताना आई आणि मी दोघीच असतो, तरी मान वर करून मोजते. ऑफिसात मला पुन्हा टूर देतात, मी आजारी असल्याचं सांगते. परवा मावशी ऑफिसात आल्या, पुढच्या प्रवासाची चौकशी करायला. बोलता बोलता हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आता बावीस झाल्या. पण ती एक मी धरत नाही." आणि डोळ्याला पदर लावला. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना ती वगळता येते.

येत्या रविवारी उमरेडला काकांचं वर्षश्राद्ध आहे. मुलीने फोन केला होता. "ताई, तुमी याच. तुमाले पयल्या पंगतीत बसवायचं आहे." मी येते म्हटलं. फोन ठेवताना ती म्हणाली, बाबांना वरण फार आवडायचं, मी स्वतः करणार आहे. मी फोन ठेवला आणि इथे, या ओट्याशी, खाली बसले.

आईच्या चपलांचा आवाज येतो आहे. हे पत्र तुमच्यासाठी नाही, बाबा, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. हे उमरेडला जायला हवं, आणि तिथला पत्ता माझ्या पर्समध्ये आहे. तुमचं नाव वर घातलं ते एवढ्याचसाठी, की तुम्ही हे वाचून मला काही म्हणणार नाही.