बठ्ठं ठीक शे, असं तू लिहायचास

प्रिय नजीब,

तू गेल्याचं कळलं तेव्हा लिहवलंच नाही. आज तुझ्या वकीलबाईंचा फोन आला. तू आश्रय मागायला गेला होतास त्याच थंड देशात तुझी बहीण फरीदा पोचलीय, आश्रय मागतेय, आणि सुनावणी तुला नाकारणाऱ्या त्याच न्यायाधिकरणापुढे आहे. मी साक्ष देईन का, असं त्या विचारत होत्या. म्हणून लिहायला बसले.

अफगाणिस्तानातून जळगावला शिकायला आलास आणि मेहरूणला आमच्या वरच्या खोलीत राहिलास. महिनाभरात माझ्या आईला आई म्हणायला लागलास! तिची अहिराणी अशी झोकात बोलायचास की आमची हसून पुरेवाट व्हायची.

बाबांचं धुळ्याला ऑपरेशन झालं, तेव्हा तू सोबत होतास. बाबा ऑक्सिजनवर, आणि आई धरणगावच्या आजीला फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगत होती, "बठ्ठं ठीक शे." तू चमकून बघितलंस. ती म्हणाली, "दूरना मानूस काय करी, बेटा? नुसता जीवले घोर लागस." आमच्याकडे असंच चालतं. आमच्याकडून उचलायला तुला हेच सापडलं का रे?

परत जाऊन मुलींना गणित शिकवू लागलास. बंदूकवाले घरी येऊन धमकावून गेले. तुझ्या शाळेतल्या मास्तरांना रस्त्यातून उचललं. आणि त्याच दिवसांत आईला तुझा मेसेज: बठ्ठं ठीक शे.

पळून त्या देशात पोचलास. पुरावा म्हणून सगळा फोनच काढून दिलास, भोळ्या! न्यायाधिकरणाने मेसेजचं भाषांतर करून घेतलं. जिवाची भीती होती, तर ठीक कसं लिहिलंस, असं विचारलं. आईला काळजी नको म्हणून, असं तू सांगितलंस. त्यांना पटलं नाही. एक गोष्ट खोटी वाटली की बाकीच्याही संशयात जातात, असं वकीलबाई म्हणाल्या. वर हेही सुनावलं, की परत जा, तुमच्या राजधानीत राहा, तिथे तुला कोण ओळखतंय?

अर्ज फेटाळून तुला परत पाठवलं, आणि ओळखलं ना त्या बंदूकवाल्यांनी. भाड्याच्या खोलीच्या दारातच गोळ्या घातल्या.

मला संताप येतो, नजीब. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी आपल्या आईला कधीच खोटी खुशाली कळवली नसेल?

तुला का परत पाठवलं, हे आईला आजवर सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "फरीदाले फोन लाव."

पलीकडून फरीदा म्हणाली, "सब ठीक है, अम्मा."

"ठीक नको सांगू," आई ओरडलीच. "काय व्हयनं, ते सांग!"

मी ते हिंदीत सांगितलं. फरीदा रडली. मग बोलत राहिली. रस्त्यात तिच्यावर काय गुदरलं ते मी इथे लिहीत नाही.

मी साक्ष देणार आहे. वकीलबाईंनी बजावलंय, उलटतपासणीत फाडून खातील. तुझे मेसेज फरीदाविरुद्धही काढतील आणि विचारतील, म्हणजे तुम्ही ज्याला भाऊ म्हणता तो खोटं लिहायचा? हो, म्हणेन. आमच्यावर त्याचा जीव होता, म्हणून दर आठवड्याला लिहायचा. त्यांनी हजारदा विचारलं तरी हेच सांगेन. हा माझा तुला शब्द.

तुझी,
वंदनाताई