उखाण्याच्या कथेचे हक्क

मी, उमा अनंत घैसास, वय ७४, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार गावभाग, सांगली, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दाबाखाली न येता, आणि कोणाला हसवण्यासाठी नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी असे काही लिहिलेले नाही.

१. राहता फ्लॅट मुलगा पुष्कर व सून मयूरी यांना समान हिश्शाने मिळावा. बँकेतील ठेवही तशीच.

२. पुष्करने आपल्या वडिलांची आरामखुर्ची घ्यावी. तो आधीच तीत बसतो.

३. व्याख्यानमालेने मला दिलेले, ‘विनोदामागची प्रेरणा’ असे कोरलेले चांदीचे ताट विट्याच्या गलाईवाल्याकडे अक्षरांसकट वितळवावे. त्याचे काय करायचे ते मयूरीने ठरवावे.

४. माझे दिवंगत पती अनंत हे विनोदी लेखक होते. त्यांच्या पुस्तकांचे हक्क त्यांनी माझ्या नावे केले. त्यांतील ‘आमची ही’ म्हणजे मी. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला हिला उखाणा आठवला नाही, हिने नुसतेच ‘अनंत’ म्हटले, बायका अवाक् झाल्या, ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा. दरवर्षी व्याख्यानमालेत ते ती सांगत आणि मला पहिल्या रांगेत बसवत. कथा त्या जागी आली की माना माझ्याकडे वळत. मी हसले की मगच सभागृह हसे.

मागच्या वर्षी मनगट मोडले. एक्स-रे काढणारा आप्पासो म्हणाला, “आवं काकू, उखाणा इसरल्या त्या तुमीच व्हय? हसा की मग जरा!” हात यंत्राखाली होता. मी हसले.

उखाणा मी विसरले नव्हते. तो आईने रचून दिला होता. हळदीकुंकवाआधी आई वारली. त्या दिवशी उखाणा ओठांवर आला तो तिच्या आवाजात. पुढे बोलता येईना. हे अनंतना ठाऊक होते. कथेत आई का नाही, असे मी एकदा विचारले. म्हणाले, “अगं, आई घातली तर हसेल कोण?”

कथा म्हणून त्यांचे बरोबर होते.

पुस्तके बंद पाडू नयेत. पुराच्या वर्षी आम्ही तीस-चाळीस माणसे शेजारच्या गच्चीवर अडकलो होतो. खाली पाणी, होडीचा पत्ता नाही. अनंत बोलत राहिले आणि माणसे हसत राहिली. मीही हसले, कोणी माझ्याकडे पाहत नसताना. विनोदाने माणूस तरतो, हे मी तिथे पाहिले. तरीही उरलेली वर्षे मी त्या पहिल्या रांगेतच काढली.

५. पुष्कर आता वडिलांच्या कथा रंगमंचावर सांगतो. साताऱ्याच्या प्रयोगात त्याने स्वतःची एक भर घातली : मयूरी कोयनेच्या घाटात गाडी थांबवून रडत बसली, मागे एसटीची रांग. लोक खूप हसले. ती का रडली, ते त्याने वगळले. ते मला ठाऊक आहे, त्यालाही आहे. माना वळल्या. मयूरी हसली आणि तिने खाली पाहिले. ते हसणे मी ओळखते.

म्हणून सर्व पुस्तकांचे हक्क मी एकट्या मयूरीला देते. पुष्करने कुठलीही कथा सांगण्याआधी तिला विचारावे. तिने नाही म्हटले तर कारण विचारू नये. पुष्कर, तू चांगला सांगतोस. रागावू नकोस. विचार.

६. माझ्या शोकसभेत कोणीतरी उखाण्याची कथा सांगेलच. मयूरीने पहिल्या रांगेत बसू नये. बसावेच लागले आणि माना वळल्या, तर तिने हसू नये.

७. आईचा उखाणा मला अजून पाठ आहे. तो इथे लिहीत नाही. तो मी मयूरीला तोंडी दिला आहे.

दोन्ही साक्षीदारांनी हे माझ्यासमोर वाचले. दोघेही हसले नाहीत. म्हणून सही करते.

उमा अनंत घैसास

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली :
धैर्यशील मोहिते, शेजारी
डॉ. शिवांजली पाटील

सांगली, १२ फेब्रुवारी २०२५