शालिकरामची पानं

३ डिसेंबर १९७८
कामठी सुटली. आता नंदनवन वस्तीत, पोराच्या नव्या घरी. मजेत आहे. तीस वर्षं तारऑफिसात कानानं तारा उतरवल्या, आता नुसतं ऊन खायचं. सून प्रमोदिनी चहा चांगला करते. समोर महादेवरावांच्या ओसरीवर दुपारी पत्त्यांचा मेंढीकोट रंगतो. पहिल्याच डावात चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, मी ओढल्या. कोणतं पान पडलं, कोणतं उरलं, सारं माझ्या डोक्यात. महादेवराव म्हणाले, तारबाबू, तुमचं डोकं हाय का मशीन.

१९ डिसेंबर
शालिकराम नावाचा म्हातारा भिडू डाव नासवून राहिला. हुकूम कोणता ते तीनदा विचारतो. पान टाकेपर्यंत आपली झोप होते. काढतो म्हटलं तर रडतो. शेवटी मीच युक्ती काढली. घरून निळ्या पाठीचा जुना कॅट नेला, दश्श्या हरवलेला. त्याला बाजूच्या स्टुलावर बसवून त्यातली पानं द्यायची. खरा डाव आपल्या लाल कॅटावर. त्याच्या जागी महादेवरावांचा जावई. शालिकरामनं पान टाकलं की म्हणायचं, वा, शालिकराम, वा. बेटा खूश. हसून हसून माझं पोट दुखलं.

१४ मार्च १९७९
शालिकराम गेला. मौतीला जाऊन आलो. निळा कॅट महादेवरावांनी कपाटात ठेवला. काहून, विचारलं. नुसते हसले.

२ ऑगस्ट
हुकूम विचारला तर म्हणे, आताच सांगितला. खोटं. मला जरा वेळ लागतो एवढंच. जावई उतावळा आहे. प्रमोदिनीनं चार वस्तू सांगितल्या, दोन आणल्या. उरलेल्या दोन ती स्वतः जाऊन घेऊन आली.

२० सप्टेंबर
कंबरेला बरं म्हणून मला स्टूल दिलं. भले लोक. आज झकास खेळलो. वा, तारबाबू, वा, म्हणाले सगळे.

११ ऑक्टोबर
मेंढी येत नाही हातात. एकही नाही. कधीपासून —

नोव्हेंबर
पान टाकलं. कुणी पाहिलं नाही. मग वा म्हणाले. जावयाच्या पानांची पाठ लाल. माझ्या —
निळी.
फार भ्यालो. बोललो तर उठवतील. मग दुपारभर कुठं बसू? पुढचं पान टाकलं.

तारीख —
महादेवरावांना विचारायचं आहे. पाठीचं काहीतरी — आता होतं डोक्यात. प्रमोदिनी म्हणते, मामाजी, ते बोलावून राहिले, जा. जातो. आज मेंढी येईल. हुकूम — हुकूम कोणता ते आधी