न्हाव्याचं नाव

३ फेब्रुवारी १९६७
मुलगा झाला! इंदू बरी आहे. रडणं खणखणीत आहे.
पेढे वाटले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत. आधीची दोन गेली. पहिलं चांगलं रांगायला लागल्यावर, दुसरं बारशाआधी. वस्तीतली माणसं दारात येतात, बघतात आणि हळू बोलून निघून जातात. आनंद करायचीसुद्धा ताकद लागते. माझ्यात ती उरलेली नाही.
आई म्हणाली, "याला धोंडू म्हनायचं. दगडाला कोन नेतो रं?"


६ फेब्रुवारी
शाळेतही डोक्यात नावच. वस्तीत घरोघरी गौतम, राहुल, आनंद. धर्म घेतल्यापासून सगळ्यांनी हीच नावं धरली आहेत. चांगलीच आहेत. पण आनंद आमच्या पहिल्याचं नाव होतं. ते पुन्हा तोंडातून निघत नाही.
मागच्या वर्षी कर्जतला भन्ते आले होते, त्यांनी उपालीची गोष्ट सांगितली होती. शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र भिक्षू व्हायला निघाले. अंगावरचे दागिने काढून त्याला दिले, म्हणाले, तू घरी जा. त्याने ते झाडाला टांगले — ज्याला हवे त्याने घ्यावे! — आणि त्यांच्या मागे गेला. तेव्हा राजपुत्र बुद्धांना म्हणाले, आधी याला दीक्षा द्या. म्हणजे हा आमच्यापेक्षा मोठा ठरेल, आम्हाला याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा ताठा जाईल. पुढे संघाचे सगळे नियम सांगावेत तर उपालीनेच.
मी भन्तेंना उपाली या शब्दाचा अर्थ विचारला होता. म्हणाले, "मला नीट सांगता येणार नाही. त्या माणसाने जो केला तोच अर्थ."
इंदूला सांगितलं. तिने नाव दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाली, "हाक मारायला बरं आहे."

१४ फेब्रुवारी
बारसं झालं. भांडणही झालं.
वस्तीत आबाजीकाकांचा शब्द चालतो. सगळ्यांसमोर म्हणाले, "न्हाव्याचं नाव? गावातल्या न्हाव्याचा वस्तरा आजवर आपल्या डोक्याला लागला नाय. केस कापायला कर्जत गाठतो आपन. आन् नाव त्याच्या जातीचं? मास्तर झालास म्हनून डोकं फिरलं काय?"
म्हटलं, "काका, म्हणूनच ठेवतोय."
पुढे पुष्कळ बोलता आलं असतं. पण दमलो होतो.
आईने पाळण्यात वाकून कानात धोंडू म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिची दोन नातवंडं गेली आहेत. तिच्याशी काय वाद घालायचा?

२ मार्च
इंदूची बहीण माथेरानला हॉटेलात कामाला आहे. तिने झालरीचं झबलं आणि लाल रिबन पाठवली. नाव ऐकून तिला मुलगी वाटली!
या तालुक्यात या नावाचा दुसरा कोणी असेल असं वाटत नाही.

९ मे
शाळेला सुट्टी आहे, पण विसावा नाही. उकाड्याने उपालीच्या डोक्यावर गळवं आली. आता जावळात पू धरला आहे. ताप आहे. दूध ओढत नाही. हात लावला की किंचाळतो.
कर्जतला डॉक्टरांकडे नेला. म्हणाले, "आधी डोकं भादरून आणा, नाहीतर मलम लावू कुठे? विष आत उतरेल." बाजारातल्या सलूनवाल्याने टोपडं काढून पाहिलं आणि परत बांधलं. "गिऱ्हाइकं पळतील हो."
परत येताना इंदू एक शब्द बोलली नाही. दुसरं गेलं तेव्हा अशीच गप्प होती.

१० मे
सकाळी स्वतः वस्तरा घेतला. पहिल्याच फटक्यात रक्त आलं. इंदूने वस्तरा काढून घेतला.
मग गावात श्रीपत न्हाव्याकडे गेलो. या गावात जन्मलो, पण त्याच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मास्तर, तुमचं मला वावगं नाय. पन उद्या पाटलाच्या दाढीला ह्योच वस्तरा न्यायचाय."
त्याची बायको अंबाबाई आतून म्हणाली, "नाव काय पोराचं?"
"उपाली."
"पोरगी हाय?" श्रीपत म्हणाला.
"पोरगा. न्हाव्याचं नाव आहे."
तो एकदम उठला. "दारात येऊन टिंगल करता माझी?"
 तिथेच दगडावर बसलो आणि गोष्ट सांगितली. समजूत घालायला नव्हे. त्याला टिंगल वाटली, तेवढी तरी खोटी ठरावी म्हणून. अंबाबाई सूप हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. राजाची पोरं पाया पडली, इथपर्यंत आलो तेव्हा श्रीपत दुसरीकडे बघत होता.
 मी उठून आलो.

११ मे
श्रीपत आला!
भर दुपारी, गावातल्या रस्त्याने, काखेत धोकटी. लपला नाही, छपला नाही. वस्तीतली सगळी दारात आली. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पानी द्या."
आई गोंधळली. "डोक्याला?"
"डोक्याला बी, आन् प्यायला बी."
आईने घाईघाईने तांब्या आणला, अर्धा वाटेतच सांडला. तो घटाघटा प्यायला. मग पोराला मांडीवर आडवं घेतलं, अंगठ्याने कातडी ताणली आणि गळवांना वळसा घालत वस्तरा फिरवला. पोर आधी खूप रडलं, मग हुंदके देत थांबलं. श्रीपत सारखा पुटपुटत होता, "झालं रं, झालं माझ्या राजा." रक्ताचा थेंब नाही. इंदू भिंतीला टेकून रडत होती.
संध्याकाळी डॉक्टरांनी गळवं फोडली, मलम लावलं, सुई दिली.

१३ मे
ताप उतरला. दूध प्यायला. मी बसल्या बसल्या झोपलो.

२५ मे
गावाने श्रीपतचं काम बंद केलं. कोणी दाढीला बोलावत नाही, कोणी दारात जात नाही. पाटलांनी कडावहून दुसरा न्हावी आणला.
आबाजीकाका मला म्हणाले, "आपल्यापायी बुडाला रं बिचारा." आवाज अगदी खाली होता.
आम्ही काहीजण डोकी घेऊन त्याच्याकडे जाऊ असं ठरवलं. गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मोहोपाड्याला अंबाबाईच्या भावाकडे गेली दोघं. तिकडे कारखान्याची वस्ती वाढते आहे म्हणे.
उपाली खेळतो आहे, डोकं स्वच्छ आहे. त्याच्याकडे बघताना बरं वाटतं, आणि लगेच वाटत नाही. आपलं पोर वाचलं, दुसऱ्याचं गाव सुटलं. इंदू म्हणाली, "आपण बोलावलं नसतं तर?"  

१९ नोव्हेंबर
शाळेच्या कामाने मोहोपाड्याला गेलो होतो. कॉलनीच्या नाक्यावर पत्र्याची नवी टपरी, आरसा, लाकडी खुर्ची. वर तेलरंगात पाटी — 'उपाली हेअर कटिंग सलून'. बघतच राहिलो. आत एक कामगार तोंडाला साबण लावून विचारत होता, "कोन हा उपाली? मुलगा काय तुझा?" श्रीपत पट्ट्यावर वस्तरा घासत म्हणाला, "आमच्यातला मोठा मानूस व्हता. राजाची पोरं पाया पडली त्येच्या." मग त्याला मी दिसलो. कामगार उठल्यावर त्याने फडक्याने खुर्ची झटकली. "बसा, मास्तर."
बसलो.