ऐकणारीनं सांगायचं नसतं

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानातच फोडलं आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बटणं उलट्या बाजूला लावून बसलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तू पुन्हा वर्गात बसणार म्हणतेस. दोन वर्षं, दर शनिवारी दुपारी, धर्मसेवा आणि आध्यात्मिक मार्गदर्शन, आणि शेवटी बिशपांच्या सहीचं सर्टिफिकेट. आपल्या घराण्यात दुसऱ्याला अक्कल शिकवायला सर्टिफिकेट कधीपासून लागायला लागलं? आईला नव्हतं, मला नाही, आणि तू तर पाळण्यातूनच सुरू केलंस.

थट्टा बाजूला ठेवतो. माणसांच्या आत्म्याचं बघायला फादर आहेत. ते बारा-बारा वर्षं शिकून येतात. तू दिवसभर वॉर्डात उभी असतेस, पायांच्या शिरा सुजल्यात, आणि सुट्टीचा एकुलता एक अर्धा दिवस असा घालवणार. मला हे पटत नाही, आणि न पटलेलं मी पोटात ठेवत नाही हे तुला माहीत आहे.

भिंगरीला मठात जाऊन चार महिने झाले. तिचे दोन्ही पांढरे झगे मी स्वतः शिवले. गळा बसेना म्हणून चार वेळा उसवला. दुकानात येणारा प्रत्येक जण तिची चौकशी करतो. मठ तुझ्या हॉस्पिटलपासून चार स्टॉपवर आहे, तर आत्या म्हणून सवड काढून माझ्या पोरीला भेटत जा. तुझ्या वहिनीची कंबर धरली आहे, बाकी ठीक.

राग मानू नकोस, मानलास तरी लिहीत जा.
तुझा,
दादा


२९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार झाला, आता भांडते.

फादर आहेत हे मलाही माहीत आहे. आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि फादर पंधरा दिवसांतून एकदा येतात, वीस मिनिटं. बाकीच्या वेळी त्या बायका कुणाशी बोलतात असं तुला वाटतं? परवा एक शिक्षिका होती, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची. मला म्हणाली की येणारा प्रत्येक जण धीर धर म्हणून सांगून जातो, पण भीती वाटते का असं कुणी विचारत नाही. मी रक्तदाब घेत होते. मीही धीर धरा म्हणूनच सांगणार होते, दादा. शब्द ओठांवर आला होता. म्हणून गेले मी त्या वर्गाला.

पहिल्या दिवसाचं ऐक. चर्चच्या हॉलवरची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक फळा. आम्ही बावीस जण, त्यांत एकोणीस बायका. तरी पुढची रांग त्या तीन पुरुषांसाठी राखून ठेवलेली. त्यांतल्या एका निवृत्त अकाउंटंटने उभं राहून विचारलं की बायका पुढे पुरुषांनाही मार्गदर्शन करणार आहेत की काय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवायला ज्या थोरल्या सिस्टर आहेत, त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की इथे कुणीच कुणाला मार्ग दाखवणार नाही. मार्ग देव दाखवतो, आपण शेजारी बसायचं आणि ऐकायचं.

मग जोड्या लावल्या. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं. मी दुसऱ्याच मिनिटाला माझ्या जोडीदारणीला तिच्या सासूशी कसं वागावं ते सांगून टाकलं. सिस्टरांनी सर्वांसमोर घंटी वाजवली. तेव्हा पाळण्यातली सवय मोडायला दोन वर्षं पुरतील का, ही शंका मात्र तुझी खरी आहे.

दुसरा नियम असा की ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. भिंगरीला रविवारी भेटेन.

वहिनीला कंबर शेकायला सांग. लोभ कमी करशील तर बघून घेईन.
तुझी,
धाकटी


१४ सप्टेंबर

धाकटीस,

तुझ्या त्या अभ्यासाला सव्वा वर्ष झालं. त्याचं फळ गुरुवारी माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

भिंगरी घरी आली. साधे कपडे, हातात एक पिशवी. डिसेंबरात तिची सिस्टर होण्याची पहिली व्रतं होती. मी तिसरा झगा कापून ठेवला होता. दारातच म्हणाली की मी व्रतं घेणार नाही, मठ सोडला. मी कारण विचारलं. ती पिशवी ठेवायला आत गेली. पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, हे मी मान्य करतो. तेव्हा एवढंच कळलं की गेले सहा महिने दर दुसऱ्या रविवारी ती तुझ्यापाशी तास-तासभर बसून बोलत होती.

सहा महिने. आणि या सहा महिन्यांत तू मला चार पत्रं लिहिलीस. त्यांत वॉर्डातल्या नळाची गळती आहे, तुझा नवा चष्मा आहे, त्या अकाउंटंटची फजिती आहे. माझ्या मुलीबद्दल मठात बरी आहे एवढे तीन शब्द. मी तुला तिची काळजी घ्यायला सांगितलं होतं, तू तिला बाहेर काढलंस. वॉर्डातल्या बायका कमी पडल्या म्हणून माझ्या पोरीवर हात साफ केलास का?

मी बाप आहे. ती तुझ्याशी काय बोलली आणि तू तिला काय सांगितलंस, ते सगळं मला उलट टपाली कळव. तो माझा हक्क आहे. तुमच्या संचालक फादरांनाही मी आजच पत्र टाकलं आहे, की तुमच्या वर्गातली बाई पोरींना मठ सोडायला शिकवते. मिस्सा-प्रार्थना झाल्यावर चर्चच्या समितीच्या बैठकीतही मी हे उभं राहून बोललो. सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्यासाठी खाली होत्या.

तुझी वहिनी दोन दिवस जेवलेली नाही. पुढे काय लिहू.

दादा


२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उलट टपाली लिहिलं नाही, कारण उलट टपाली लिहिलं असतं तर तू ते पत्र आयुष्यभर विसरला नसतास.

तिने मला काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही. मी तिला काय सांगितलं तेही नाही. एक सांगितलं की दुसरं उघडं पडतं. तुझा हक्क असेल तर तिच्याकडे जा आणि माग. ती तुझ्याच घरात आहे, मधे एक भिंत आहे. मला पत्र लिहायला तुला कागद, पाकीट, तिकीट लागलं, तिला विचारायला काय लागतं?

तुझं पत्र संचालकांना पोचलं. मला शनिवारी वर्गाआधी खाली बोलावलं. मी उभीच होते, त्यांनी बस म्हटलं नाही. टेबलावर तुझं पत्र, तुझं ते शाळकरी सुबक अक्षर. त्यांनी विचारलं की मुलीने काय सांगितलं ते लेखी द्या, म्हणजे प्रकरण मिटवता येईल. मला संताप कशाचा आला सांगू? वर्षभर ह्याच माणसाने आम्हांला शिकवलं की ऐकलेलं मातीत पुरायचं. आणि एका बापाचं रागाचं पत्र आल्याबरोबर तोच फावडं घेऊन उभा. मी म्हटलं, फादर, देणार नाही.

मग त्यांनी विचारलं की ती तुमची भाची आहे हे खरं का. खरं आहे. नात्यातल्या माणसाला असं घेऊन बसायचं नाही, हा आमचा नियम आहे. पहिल्या रविवारी ती बोलायला लागली तेव्हाच मी तिला थोरल्या सिस्टरांकडे पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही. मला वाटलं, माझी भिंगरी आहे, माझ्यापाशीच बरी. ही माझी चूक, आणि ती मी तिथल्या तिथे कबूल केली. त्यांनी माझं नाव वर्गातून काढलं. त्या चुकीसाठी काढलं असेल तर मी मुकाट्याने घेते. पण त्यांच्या कागदावर कारण दुसरंच लिहिलंय, माहिती देण्यास नकार. त्याचा मला राग आहे, आणि तो घेऊन मी रोज वॉर्डाचा जिना चढते-उतरते.

आणि समितीत उभं राहून तू माझ्याबद्दल बोललास. त्या खोलीत आपल्या आईच्या शेवटच्या प्रार्थनेला मी पहिल्या बाकावर बसले होते.

नमस्कार केला आहे. लोभाचं तूच ठरव.
धाकटी


८ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पोचले. शाळेने तिसरीचा वर्ग दिला आहे. पस्तीस मुलं आहेत, त्यांपैकी सहा दिवसभर बाकाखाली असतात. खोली छोटी आहे पण खिडकीला ऊन येतं. आईला सांगा, स्वेटर वापरते आहे.

हे पत्र मात्र खुशालीचं नाही. काल थोरल्या सिस्टरांचं पत्र आलं. आत्याचं नाव वर्गातून काढलं, आणि ते तुमच्या पत्रामुळे, हे मला त्यातून कळलं. अडीच महिने मी तुमच्या घरात होते. पहिल्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, मशीन चालवत राहिलात, आणि माझ्याबद्दल सगळ्या जगाला पत्रं लिहिलीत. बाबा, मला लहानपणापासून तुमचा राग माहीत आहे, पण असला राग मी पाहिला नव्हता.

आत्या बोलणार नाही, म्हणून मी बोलते. गोष्ट माझी आहे, मला सांगायला कुणाची परवानगी नको.

मठात गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला कळलं होतं की मी इथली नाही. देवावरचा विश्वास गेला नाही. मठही चांगला होता, सिस्टर चांगल्या होत्या. पण पहाटे प्रार्थनेला गुडघे टेकले की मला देव दिसायचा नाही, तुम्ही दिसायचा, दुकानात गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल सांगताना. मी तुमच्यासाठी तिथे होते. हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. मग आत्याला सांगितलं.

तिने मला सोड म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मी चिडायचे, म्हणायचे की काहीतरी सांग ना. ती गप्प बसायची. सहा महिन्यांत तिने नियम मोडून मला एकच सल्ला दिला आणि तोच प्रत्येक वेळी दिला. ती म्हणायची, हे मला सांगितलंस तसं आधी तुझ्या बापाला सांग. तो ओरडेल, पण ओरडून झालं की ऐकेल.

तेवढंच तिचं चुकलं.

आईला माझा नमस्कार. तुम्हांलाही, पण आज फक्त कागदावर.
तुमची,
भिंगरी


२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. हे लिहिण्याचा हक्क राहिला असेल तर.

भिंगरीचं पत्र आलं. वाचलं. आठ दिवस दुकान उघडलं नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. मग तिच्या गावाला गेलो. शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा होतो. शाळेमागे एक बाक आहे, तिथे दोघं बसलो. ती तासभर बोलली. मला मधे चौदा वेळा तोंड उघडावंसं वाटलं, मोजल्या मी. दोनदा उघडलंही. बारा वेळा गिळलं. हे काम तू दर शनिवारी शिकत होतीस, आणि मी त्याला वेळ घालवणं म्हणालो होतो.

परतताना तुमच्या संचालकांकडे गेलो. तक्रार परत घेतो म्हणालो. ते म्हणाले की तक्रार परत घेता येते, पण नात्याचा नियम मोडला तो मोडलाच. जूनपासून तिला दुसरं वर्ष पुन्हा करता येईल. मला राग आला. मी म्हटलं, तिने कबूल केलं ते लिहा, कागदावर भलतंच का लिहिलंय? ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नका, मी इथे बसतो, तुम्ही खोडा. माझ्यासमोर खोडलं. थोरल्या सिस्टर दारात उभ्या होत्या, त्यांना विचार.

रविवारी समितीच्या बैठकीत पुन्हा उभा राहिलो, त्याच जागी. बहिणीबद्दल मी खोटं बोललो, असं सांगितलं. खोटं म्हणजे न विचारता बोललो, आणि माझ्या लेखी आता ते एकच. माना पुन्हा खाली गेल्या. या वेळी मी कुणासाठी ते विचारलं नाही.

तू रागावलेली आहेस, ते रास्त आहे. जूनमध्ये वर्गाला जा. लोभ मागत नाही, उरला असेल तेवढा ठेव.
तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही. या घरात पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत, माझं सगळं त्यांच्या शेवटच्या ओळीत येतं. वहिनीची कंबर, वहिनी जेवली नाही, आईला स्वेटरचं सांगा. आज मीच कागद घेतला.

यांनी तुमची सगळी पत्रं मला वाचून दाखवली, भिंगरीचंही. चांगलं झालं, सगळ्यांचं सगळ्यांशी बोलणं झालं. हे रडले, भिंगरी निवळली, तुमचं नाव परत लागलं. आता हे मशीनवर बसून शीळही घालतात. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जाते, वन्सं, आणि ती कुणावर काढावी कळत नाही, म्हणून तुमच्यावर काढते.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी घरातून गेली. यांनी ठरवलं, तिने होकार दिला, चर्चमध्ये टाळ्या झाल्या. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. ती परत आली, तेव्हाही नाही. मी दोन दिवस जेवले नाही असं यांनी तुम्हांला कळवलं. का जेवली नाही, हे यांनी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, लाज वाटली असणार. वन्सं, मला आनंद झाला होता. पोर परत आली म्हणून मला इतका आनंद झाला होता की घास उतरेना, आणि सगळं घर सुतकात होतं, म्हणून दाखवताही येईना. आनंद लपवून बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आणि त्या आनंदाची मला देवासमोर भीती वाटते, कारण त्याला दिलेलं मी परत घेतलं असं वाटतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, सांगितलं तर कुणालाच नाही.

तुम्ही वर्षभर ऐकायला शिकलात. चार वेळा घरी येऊन गेलात, माझ्या स्वयंपाकघरात बसलात, माझ्या कंबरेला शेक दिलात. कंबर सोडून दुसरं काही विचारलं नाहीत. हे तुम्हांला टोचावं म्हणूनच लिहिलंय.

तुम्ही नात्यातल्या, तेव्हा तुमच्यापाशी मी बसणार नाही, नियम मला पाठ झाला आहे. थोरल्या सिस्टरांना विचारून मला त्यांची वेळ घेऊन द्या. शनिवार चालेल. मी एकटी येईन. यांना मी सांगितलं आहे की त्या दिवशी जेवण आपलं आपण वाढून घ्या, आणि मी आल्यावर काय बोलले ते विचारू नका. हे बरं म्हणाले.

उत्तर मला पाठवा, माझ्या नावाने. पाकिटावर यांचं नाव नको.

तुमच्यावर राग आहे, पण तुमच्याशिवाय सांगणार कुणाला.
तुमची,
वहिनी