'इतर'मध्ये कोण?

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या पुस्तकचर्चेच्या साइटवर नवे विभाग उद्या सकाळी लागतील, असं प्रसादने आत्ताच फोनवर सांगितलं. तांत्रिक बाजू तो बघतो. विभागांची नावं मी जेवणाआधी द्यायची आहेत. कादंबरी, कविता, चरित्र, बालसाहित्य ठरले. अडलंय ते 'इतर'वर.

लक्ष्मीबाईंचं काय करू? त्यांच्या घरी तेलुगू. तेलुगू कादंबऱ्या वाचून त्यांवर आमच्या साइटवर मराठीत लिहितात, आणि वाचक त्यांच्याशीच सगळ्यात जास्त भांडतात. मी त्यांचं लेखन 'इतर'मध्ये लावलं आणि तसं त्यांना सकाळी कळवलं. दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, पुस्तक कादंबरी हाय, लिहिलंय मराठीत. मग मी इतर कशी?"

"तेलुगूचा वेगळा विभाग करू का?"

"तिथं एकटीच बोलत बसू व्हय? त्यापेक्षा लिहायचंच बंद करते की."

बोलताना हसत होत्या. पण बंद करतील. 'कादंबरी'त ठेवलं तर मराठी पुस्तकांच्या गर्दीत त्यांचं लेखन खाली जाईल, अशी मला काळजी. त्यांना ती कुठे आहे? त्यांना गर्दीच हवी आहे. जागा न सापडलेला मजकूर कोपऱ्यात लावायची ही माझी वर्तमानपत्रातली सवय, दुसरं काय.

'इतर' काढून टाकला, बाईंचं लेखन 'कादंबरी'त लावलं. मग प्रवासवर्णनं कुठे, असं प्रसाद विचारणारच. विचारू दे.

नव्या कादंबरीवर लिहायला घेतलंय, असं बाई मागे म्हणाल्या होत्या. उद्या त्या साइट उघडतील. ते नवं लेखन त्या 'कादंबरी'साठी पाठवतात का, बघायचं.