चेंबर गळतं म्हणून

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०
जीपखाली बशीएवढा डाग. इंजिनखालच्या ऑइल चेंबरच्या पॅकिंगमधून गळतंय. शिमगा तेरा तारखेला. रतन म्हणाली होती, शिमग्याला गाडी घेऊन या, येते. म्हणजे नऊ दिवस. काम एका दुपारचं.
रतन पुण्याला पोराकडे, अभिषेककडे गेली ती सुनेच्या बाळंतपणाला, दोन महिन्यांसाठी. नातू आता नर्सरीत आहे. एसटीत तिला मळमळतं आणि जीप कात्रजच्या घाटात बंद पडेल ही भीती. म्हणून येत नाही. दुसरं कारण नाही.

५ मार्च
कापूरहोळला कुंडलिकच्या गॅरेजात फक्त सिलिकॉनची ट्यूब आणायला गेलो. दोन तास लागले. न विचारता शिकवायला लागला. जुनं पॅकिंग खरवडा, पेट्रोलनं पुसा, सिलिकॉनची काडीएवढी रेघ ओढा, बोल्ट हातानं आवळा, एक दिवस तसंच ठेवा, मग पाना. म्हटलं, तीस वर्षं एसटी चालवलीय.
"चालवली, तात्या. खोलली न्हाई."
तोंडाळ आहे. पुन्हा जाणार नाही.

७ मार्च
चेंबर उतरवलं. ऑइल घमेल्यात, थोडं बाहीत. काडीएवढी रेघ पुरेल असं वाटेना. पूर्ण ट्यूब लावली. हातानं आवळा म्हणाला होता, पण माझा हात पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हाचा. पान्याला पाइप लावून आवळले. एक बोल्ट तुटला. बाकीचे पुरेत.
एक दिवस थांबायची गरज नाही, ऊन कडक आहे. संध्याकाळीच ऑइल भरलं.

८ मार्च
डाग परातीएवढा. जुनं ऑइल निथळत असणार.

९ मार्च
अजून निथळतंय. शेजारच्या साळूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, हितं म्हस बांधली व्हती का?" डागावर माती टाकली.

११ मार्च
रतनला फोन. गुरुवारपर्यंत नक्की, म्हटलं. घाई करू नका म्हणाली, नातवानं पिचकारी घेऊन ठेवलीय, शिमगा तिकडंच करतील. माझ्या पाठीची काळजी करते. बोलून दाखवत नाही इतकंच.

१४ मार्च. काल शिमगा झाला
साळूबाईंनी दोन पोळ्या दिल्या. एक खाल्ली. एक झाकून ठेवली. कुणासाठी, ते लक्षात आलं नाही. आज सकाळी खाल्ली.

१५ मार्च, शनिवार
कुंडलिक आपणहून आला. मी बोलावलं नव्हतं. बोल्ट कुठं मिळतो एवढंच फोनवर विचारलं होतं. चार वेळा.
चेंबर खाली घेतलं तर आत सिलिकॉनच्या शेवया. या ऑइलच्या जाळीत अडकल्या असत्या तर इंजिन गेलं असतं, म्हणाला.
"हातानं म्हंजी नुसत्या बोटांनी, तात्या. चेंबर हाय, मोटेचा दोर न्हाई."
त्यानं तुटका बोल्ट काढला, नवीन पॅकिंग बसवलं, काडीएवढी रेघ ओढली. मी टॉर्च धरला, म्हणजे काम दोघांनी मिळून केलं. तो नको म्हणत असताना दुसरा चहा ठेवला.

१६ मार्च
कुंडलिकनं येऊन बोल्ट पान्यानं आवळले. ऑइल उद्या. थांबू म्हटलं, मलाच घाई नाही.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०
रात्री जीपखाली पुठ्ठा अंथरला होता. कोरडा. एक थेंब नाही.
नसरापूर फाट्यापर्यंत नेऊन आणली. पुण्याकडे वळलो नाही. नुसती ट्रायल होती.

त्याच दिवशी, रात्री ८.१०
रतनला फोन केला. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "झाली का गाडी?" आवाज दबका होता. मागं नातू आजी, आजी करत होता. ती त्याला थांब म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.
"न्हाई," म्हटलं. "अजून गळतंय."
"बरं." आवाज मोकळा झाला. मग लगेच, "जेवला का तुमी?"
हो म्हटलं.
अजून भात लावायचाय.